भिंगरीची व्याख्या आणि कासवाचे काळे पट्टे

आमची मुलगी विचार करायला लागली की गोल फिरते. जेवणाच्या टेबलाभोवती, हात पाठीमागे बांधून, कायम डावीकडून उजवीकडे. चौथ्या वर्षापासूनची ही सवय, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं. आज ती एकतीस वर्षांची आहे आणि टेबलाभोवतीच्या फरशीची चकाकी बरोबर एका वर्तुळात उडालेली आहे. तिला चक्कर येईल, कोपरा लागेल, या धास्तीने मी टेबलाच्या चारही कोपऱ्यांना रबर चिकटवलं आहे. सत्तावीस वर्षांत तिला एकदाही लागलेलं नाही. पण म्हणून रबर काढायचं असं थोडंच असतं.

मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की मी ‘संशोधन’ म्हणते आणि घाईने दुसरा विषय काढते. एकदा शेजारच्या शिंपीणबाईंनी मात्र मला जिन्यातच पकडलं.

“कशावर संशोधन?”

“चूक कुणाची, यावर.”

“मग त्याला शिकायला कशाला लागतं? माझी सासू हेच करायची, शाळेतही न जाता.”

तर खरी गोष्ट अशी. आता यंत्रं स्वतः निर्णय घेतात. आणि यंत्रांनी, ती बनवणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी मिळून घोळ घातला की दोष कुणाच्या माथी मारायचा हे कुणालाच सांगता येत नाही. भिंगरी ते तर्कशास्त्राच्या सूत्रांत बसवते. तिने मला एका दवाखान्याचं उदाहरण दिलं होतं. तिथे औषधांची गाडी आपोआप चालते. गाडीने कुठल्या रस्त्याने जायचं ते एक प्रोग्रॅम ठरवतो, दारं कधी उघडायची ते दुसरा. एका दुपारी पहिल्याने गाडीला सगळ्यात जवळच्या रस्त्याने पाठवलं आणि दुसऱ्याने त्याच रस्त्यावरचं दार साफसफाईसाठी बंद ठेवलं. गाडी दारासमोर शहाण्यासारखी दोन तास उभी राहिली. शेवटी एका नर्सला ती दिसली म्हणून बरं. चौकशीत प्रत्येकाने आपापलं काम चोख केल्याचे कागद दाखवले.

“सगळे बरोबर आणि लिफ्ट मात्र दोन मजल्यांच्या मधे,” भिंगरीचे बाबा म्हणाले.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. चौतीस वर्षं झाली. भिंगरीचं सगळं शास्त्र खरं तर यांच्या कामातून आलं आहे, पण तसं म्हटलं की हे लाजतात आणि पाना शोधायला आत जातात. यांच्या कामाची एक रीत आहे. लिफ्ट बिघडली, की जो जो तिच्याजवळ गेला होता त्याने वहीत तीन वाक्यं लिहायची: मी काय केलं, मला काय माहीत होतं, मला काय करता आलं असतं. बस. आरडाओरडा नाही, रडारड नाही. ही रीत यांनी घरी आणली. आमच्याकडे काहीही सांडलं, फुटलं, हरवलं की सगळ्यांनी टेबलाशी बसून तीन-तीन वाक्यं बोलायची. आम्ही त्याला पंचनामा म्हणतो.

भिंगरी सात वर्षांची असताना शाळेतल्या खिडकीची काच फुटली. कुणी फोडली, असं मोठ्या बाईंनी वर्गात विचारलं. पंचनाम्यात वाढलेल्या आमच्या लेकीने नऊ जणांची यादी लिहून दिली. आम्हाला बोलावणं आलं.

“तुमच्या मुलीने मला तिसऱ्या नंबरवर ठेवलंय,” मोठ्या बाई म्हणाल्या. “का, तर मैदान खिडकीच्या जवळ आहे हे मला माहीत होतं आणि जाळी बसवणं माझ्या हातात होतं.”

मी जमिनीत शिरायला भोक शोधत होते. हे पुढे वाकले आणि त्यांनी मनापासून विचारलं, “पहिल्या दोनवर कोण आहे?”

महिन्याभरात जाळी बसली. भिंगरीला तेव्हापासून वाटतं की नीट प्रश्न विचारला की जग सुधारतं. मला तेव्हापासून वाटतं की हिचं कसं होणार.

तर या लेकीने चार वर्षं खपून पीएचडीचा प्रबंध लिहिला. त्याच्या पोटात एक व्याख्या होती, ती मलाही पाठ झाली होती. घडलेली गोष्ट ज्याला थांबवता आली असती, आणि कशी थांबवायची हे ज्याला माहीत होतं, तो जबाबदार. या व्याख्येवर तिने एकसष्ट पानांची सिद्धता उभी केली होती.

तोंडी परीक्षेच्या दोन आठवडे आधी बाहेरच्या परीक्षक बाईंचं एका ओळीचं पत्र आलं. या बाईंना विद्यार्थी पाठीमागे ‘इस्त्री’ म्हणतात, कारण त्या एकदा फिरल्या की प्रबंधात एक सुरकुती शिल्लक राहत नाही आणि कधीकधी प्रबंधही राहत नाही. इस्त्रीबाईंनी लिहिलं होतं: ‘तुमच्या व्याख्येप्रमाणे जो जाणतो तोच अडकतो. मग यंत्र बनवणारा जाणून घेईलच कशाला?’

भिंगरीने ते पत्र वाचलं आणि फिरायला लागली.

याचं उत्तर नसेल तर प्रबंध परत येणार, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी स्पष्ट सांगितलं. परत येणार म्हणजे आणखी दीड वर्ष. आणि एका संशोधन संस्थेत पुढच्या महिन्यापासून तिला जी जागा मिळायची होती ती दुसऱ्या कुणाला तरी मिळणार. तेरा दिवस आमच्या घरात चपलांचा फट-फट-फट असा आवाज येत होता आणि माझं ब्लडप्रेशर त्याच तालावर चाललं होतं.

आता माझ्याविषयी थोडं सांगावंच लागेल, त्याला इलाज नाही. मी वनस्पतीशास्त्र शिकले. एखादं रोप मलूल व्हायच्या आधी ओळखायचं, ही माझी विद्या. ती मी माणसांना लावते. चष्मा काठावर आहे, खिडकी उघडी आहे, वायर पायात येईल, असं मला दिसत राहतं आणि दिसलं की मी बोलते. भिंगरीने एकदा मोजलं होतं, नाश्ता ते ऑफिस यांमध्ये एकोणतीस सूचना.

तोंडी परीक्षा गुरुवारी होती. आधीच्या रविवारी तिने मला समोर बसवलं.

“आई, गुरुवारपर्यंत एकही सूचना नाही. मला विचार करायचाय.”

“बरं.”

“चिठ्ठ्यापण नाहीत. फ्रीजवर काल सहा होत्या.”

“बरं गं.”

“आणि भुवया नाहीत.”

“भुवया म्हणजे?”

“तू भुवयांनी बोलतेस. आत्याला विचार.”

आत्या म्हणजे यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. त्या वाचनालयातून निवृत्त झाल्या आणि आमच्याकडेच राहतात. त्या पेपरमागून म्हणाल्या, “भुवयांनी तर ती पत्र लिहिते.”

“आणि माझ्या कागदांना हात लावायचा नाही. काहीही झालं तरी. शब्द दे.”

मी शब्द दिला. कागदांचं कारण असं, की मागच्या खेपेला तिने सिद्धतेची पानं दिवाणखान्याच्या फरशीवर मांडली होती, कारण सगळी सिद्धता एकदम डोळ्यांखालून जावी लागते म्हणे. मी ती प्रेमाने गोळा करून क्रमाने लावून ठेवली. त्या दिवशी ती माझ्याशी फार सभ्यपणे वागली. ते मला अजून लागतं.

मंगळवारी सकाळी पुन्हा एकसष्ट पानं फरशीवर मांडली गेली. हे सोफ्याशी बसून गुरुवारसाठी बूट चमकवत होते. काळ्या पातळ पॉलिशची बाटली उघडी शेजारी ठेवलेली. तेवढ्यात यांना फोन आला, कुठेतरी चार माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. हे एक बूट चमकलेला आणि एक तसाच, असे निघून गेले. आणि कोपऱ्यात आत्याचं कासव चार्ज होत होतं.

कासव म्हणजे फरशी झाडायचं गोल यंत्र. वन्संनी निवृत्तीच्या दिवशी घेतलं. रोज अकरा वाजता ते आपण होऊन जागं होतं आणि घरभर फिरतं. हे यंत्र शिकतं, असं खोक्यावर लिहिलं आहे. दोन वर्षांत ते एवढंच शिकलं, की मी समोर उभी असले तर वळसा घ्यायचा. वन्सं वाचनालयात गेल्या होत्या. अकराला चार मिनिटं कमी होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला पानं दिसत होती, बाटली दिसत होती, घड्याळ दिसत होतं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, भुवयासुद्धा नाहीत. पानांना हात नको हे ठीक, पण बाटलीला किंवा कासवाला लावला असता तर चाललं असतं, हे मला आज सुचतंय. तेव्हा माझ्या अंगात फक्त शब्द पाळणं चाललं होतं. तरी मी गॅलरीत गेले. भिंगरी सरांशी फोनवर बोलत होती.

“अगं, ते...”

तिने वळूनही पाहिलं नाही. पंजा वर केला. “आई. गुरुवार.”

मी परत दारात येऊन उभी राहिले. अकरा वाजले. कासव वेळेचं पक्कं.

पुढची सहा मिनिटं मी जशीच्या तशी सांगू शकते. कासवाने सोफ्याकडे मोर्चा वळवला, बाटली आडवी केली, तिच्यातून हौसेने दोनदा इकडून तिकडे गेलं आणि मग काळी चाकं घेऊन पहिल्या पानावर चढलं. त्याचं काम फार नीटनेटकं आहे. एकही पान त्याने वगळलं नाही. सरळ काळे पट्टे, शेवटाला वळण, पुन्हा सरळ पट्टे. एकसष्टाव्या पानावर ते थांबलं, गोल फिरलं, आणि ‘काम पूर्ण’ झाल्याची शिट्टी वाजवून कोपऱ्यात जाऊन बसलं.

भिंगरी आत आली. तिने फरशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांनी भुवया धरून ठेवल्या होत्या.

“तू इथे होतीस?”

मी मान हलवली.

“बोल आई, एवढ्यापुरतं बोल.”

“फाइल कॉम्प्युटरमध्ये आहे ना?” मी म्हणाले.

होती. मला आधी त्याचीच धास्ती होती. पण पानांवर तिने पेन्सिलने तेरा दिवसांचा विचार लिहिलेला होता, तो पट्ट्यांखाली गेला होता. ती मटकन खाली बसली. मग तिचे खांदे हलायला लागले. जवळ जाऊन बघते तर ती हसत होती. इतकी हसत होती की तिला उठता येईना, आणि तिला उठवायला गेले तर मलाही उठता येईना. आम्ही दोघी पॉलिशमध्ये बसून हसत होतो. माझी साडी त्या दिवसापासून काळ्या काठाची झाली.

दुपारी सगळे आले आणि पंचनामा बसला.

“मी बाटली उघडी ठेवली,” हे म्हणाले. “फोन आला. कासव अकराला निघतं हे मला माहीत नव्हतं, मी त्या वेळी कधी घरी नसतो. झाकण लावता आलं असतं.”

“मी अकराचा गजर लावलेला,” वन्सं म्हणाल्या. “आज कागद पसरणार हे मला कुणी सांगितलं नाही. माहीत असतं तर बंद केलं असतं. आणि माझ्या कासवाला यात ओढू नका, त्याला काहीच माहीत नसतं.”

“मी कागद पसरले,” भिंगरी म्हणाली. “बाटली मी पाहिली नाही. अकराचं माझ्या डोक्यातून गेलं.”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“मी काहीच केलं नाही,” मी म्हणाले. “मला सगळं माहीत होतं.”

भिंगरीने हळूच पेन्सिल उचलली, एका पट्टेदार पानावर काहीतरी मांडलं आणि म्हणाली, “माझ्या व्याख्येप्रमाणे या घरात एकच माणूस जबाबदार आहे. आई.”

“वा,” वन्सं म्हणाल्या. “चार वर्षं शिकून हेच काढलंस? हे तर आम्ही आधीपासून म्हणतोय.”

“थांब ताई,” हे म्हणाले. यांना वहीतला चौथा प्रश्न विचारायची सवय आहे, जो वहीत छापलेला नाही. “अगं, तुला माहीत होतं तर तू थांबवलं का नाहीस?”

“मला बंदी होती.”

“कुणाची?”

मी भिंगरीकडे बघितलं नाही. गरजच नव्हती. ती खुर्चीतून उठली होती आणि टेबलाभोवती फिरायला लागली होती. वन्संनी पेपर खाली ठेवला.

“ही उलटी फिरतेय,” त्या म्हणाल्या.

खरंच उजवीकडून डावीकडे. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं आता डॉक्टरलाच बोलवावं.

“माझी व्याख्या एकच पायरी बघते,” भिंगरी फिरता फिरता बोलत होती. “शेवटच्या क्षणी कुणाला माहीत होतं, एवढंच. पण ज्याला माहीत आहे त्याचं तोंड आधी कुणी बंद केलं असेल, आणि आपण ते बंद करतोय हे त्या बंद करणाऱ्याला कळत असेल, तर तो आईच्या आधी येतो. म्हणजे मी. आणि जो मुद्दामच जाणून घेत नाही, त्याने काय केलं? त्याने स्वतःचंच तोंड बंद केलं. तोही सुटत नाही.” ती थांबली. “बाबा, हे इस्त्रीबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे.”

“मग मी सुटले का?” मी विचारलं.

“जवळजवळ. बाटलीला हात लावता आला असता तुला.”

बुधवारभर ती टाइप करत होती. मी तिच्या दारावरून अकरा वेळा गेले आणि एकदाही बोलले नाही. शब्द अजून चालू होता.

गुरुवारी हॉलमध्ये आम्ही तिघं मागच्या बाकावर बसलो. यांचे दोन्ही बूट चमकत होते. इस्त्रीबाई पुढे बसल्या होत्या, बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, समोर प्रबंध आणि एक टोकदार पेन्सिल. भिंगरी तासभर बोलली. मग बाईंनी आपला प्रश्न वाचून दाखवला आणि भिंगरीने पडद्यावर एक पान लावलं. काळ्या पट्ट्यांचं, एकसष्टावं. हॉलमध्ये खसखस पिकली. तिने बाटली, गजर आणि पानं मांडली, आणि एक व्यक्ती मांडली जिला सगळं माहीत होतं आणि रविवारपासून बोलायची बंदी होती. नाव घेतलं नाही. वन्संनी मला कोपर मारलं. मग नवी व्याख्या आणि तिची सिद्धता. बाईंची पेन्सिल एकेक ओळीखालून गेली आणि कुठेच थांबली नाही.

“ठीक,” बाई म्हणाल्या. “आता दुसरी बाजू. या व्यक्तीला बोलू दिलं तर ती इतकं बोलेल की कामाची सूचना गोंगाटात हरवेल. यंत्रांमध्ये हेच होतं. दिवसभर धोक्याच्या घंट्या वाजतात, शेवटी कुणी ऐकत नाही. मग तोंड बंद करणाऱ्याचं चुकलं कुठे?”

“याची सिद्धता माझ्याकडे नाही,” भिंगरी म्हणाली. “अनुभव आहे.”

सगळे हसले. मी हसले नाही. मला ग्लास दिसत होता. तिच्या लॅपटॉपशेजारी पाण्याने काठोकाठ भरलेला, आणि त्याच्यापुढून पडद्याची वायर गेलेली. उत्तर आठवताना तिचे पाय हलायला लागले होते. ती फिरणार होती. एक पाऊल, दुसरं. तिसऱ्या पावलाला वायर, वायरीमागून ग्लास, ग्लासामागून चार वर्षं. मी अर्धी उठले. तोंडावर हात दाबला होता. यांनी माझा पदर धरला होता आणि मी शब्द दिला होता.

भिंगरीने मागच्या बाकाकडे बघितलं. माझं तोंड हाताखाली होतं, पण भुवया मोकळ्या होत्या.

ती जागच्या जागी थांबली.

“आई, बोल,” ती म्हणाली.

“ग्लास.”

सगळा हॉल मागे वळला. इस्त्रीबाई मात्र पुढे वळल्या, उठल्या, ग्लास उचलला आणि शांतपणे त्यातलं पाणी पिऊन टाकलं.

“एक शब्द,” त्या म्हणाल्या. “आणि ऐकू आला. कारण चार दिवसांत तो पहिला होता, असं समजू का?”

“हो,” भिंगरी म्हणाली.

“मग हे प्रबंधात का नाही?”

त्यांनी सांगितलेली दुरुस्ती एवढीच, सूचना किती असाव्यात यावर एक परिच्छेद घालायचा. बाकी प्रबंध मान्य. वन्सं इतक्या जोरात टाळ्या वाजवायला लागल्या की मला त्यांच्या मनगटाची काळजी वाटली. बाहेर पडताना बाई माझ्यापाशी थांबल्या.

“पॉलिश निघालं का?”

“कागदावरचं नाही. फरशीवरचं अर्धं.”

“राहू द्या अर्धं,” त्या म्हणाल्या. “आणि ती फिरते तिथे ग्लास ठेवत जाऊ नका.”

जाताना त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि मला त्या बाई एकदम आपल्या वाटल्या.

भिंगरी पुढच्या महिन्यात संस्थेत रुजू होईल. परिच्छेद लिहून झाला. त्याच्या आधारावर घरात मला दिवसाला पाच सूचना मंजूर झाल्या आहेत. उरलेल्या दुसऱ्या दिवशी चालत नाहीत, मी विचारून बघितलं. आज चार दुपारपर्यंतच संपल्या, त्यातल्या दोन वन्संच्या मनगटावर. पाचवी मी जपून ठेवली होती.

आता सगळे झोपले आहेत. मघाशी पाणी प्यायला उठले तर सोफ्याशी बूट, आणि शेजारी बाटली उघडीच. कासव कोपऱ्यात हिरवा दिवा लावून बसलेलं. यांना उठवून सांगावं असं मनात आलं. मग आठवलं की हात लावायची बंदी गुरुवारीच संपली आहे. मी झाकण घट्ट बसवलं आणि पाचवी सूचना न वापरता परत येऊन लिहायला बसले. सकाळी भिंगरीला सांगणार आहे. ते सूचनेत मोजायचं की नाही, ते तिने फिरून ठरवावं.